शेवटचे तेरा बाइट

१

शनिवारी सकाळी साडेदहाला रेगे सरांनी माझ्या टेबलावर एक पेन ड्राइव्ह ठेवला.

"माणिक, चौकशीचा अहवाल मी लिहून ठेवलाय. तू नीट मांड आणि चारच्या आत हॉस्पिटलला पाठव. नाव सिद्धेशचं आहे. बाकी काही बदलू नकोस."

चौकशी व्हायच्या आधीच अहवाल तयार! मी पेन ड्राइव्ह उचलला. तेवीस वर्षं या माणसाकडे काम करतेय. कधी गप्प बसायचं ते मला कळतं. कधी बसायचं नाही तेही कळतं, फक्त जरा उशिरा.

काय घडलं ते सरळ सांगते. शुक्रवारी सकाळी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात नलिनी सामंत नावाच्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंना नको ते इंजेक्शन दिलं गेलं. त्या औषधाची त्यांना अ‍ॅलर्जी होती. ज्याला अशी अ‍ॅलर्जी, त्याच्या नोंदीच्या अगदी शेवटी तिथे उद्गारचिन्ह टाकतात. नलिनीबाईंच्या नोंदीतही ते होतं. कॉम्प्युटरने नोंद चाळली आणि सांगितलं, चिन्ह नाही. नर्सने विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? बाई आता आयसीयूत होत्या, व्हेंटिलेटरवर.

ते चिन्ह शोधणारा कोड आमचा. घाटकोपर पश्चिमेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली बॅगा शिवतात, वर आम्ही पाच जण कोडचं काम करतो. आमच्या लायब्ररीचं, म्हणजे इतरांनी आयत्या वापरायच्या कोडचं, नाव 'झडप'. तिचं काम एकच. मेमरीत रांगेने बाइट, म्हणजे अक्षरं साठवायची छोटी घरं, पडलेले असतात, त्यांतला हवा तो बाइट कुठे आहे ते झटकन सांगायचं. साधा कोड एकेक बाइट बघत जातो. झडप एका घासात बत्तीस बघते. देशभरातली सॉफ्टवेअरं आत कुठेतरी ती वापरतात आणि त्यांना आमचं नावही माहीत नाही.

झडप लिहिली सिद्धेश तवडेने. वय सत्तावीस, राहणार कांदिवली, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. आजोबा गिरणीत, वडील लिफ्टमन. पोराने जुन्या लॅपटॉपवर, रात्री जागून, एकट्याने शिकून लिहिली. आणि आता अहवालात काय लिहिलं होतं? 'औपचारिक शिक्षण नसलेल्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.'

हे वाक्य मला लगेच वाचता आलं नाही. फाइल उघडली तर पडद्यावर नुसती किडामुंगी. सर अजून जुन्याच मराठी फॉन्टात टाइप करतात, डीटीपीच्या जमान्यातल्या. मी तो फॉन्ट शोधून चढवला, तेव्हा अक्षरं दिसली. वर मधोमध 'श्री'. खाली सिद्धेशची मान.

तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. नलिनीबाईंचं ब्लड प्रेशर पुन्हा पडलं होतं. फोनवरचा माणूस थंड आवाजात म्हणाला, "त्यांना काही झालं तर पोलीस केस होईल. अहवालात ज्याचं नाव असेल, त्याच्यावर."

२

सिद्धेश आपल्या जागेवर बसला होता. मशीन बंद, हात मांडीवर.

"ताई, मी शेपूट काढलं नाही."

शेपूट म्हणजे काय, ते सांगते. समजा एखाद्या नोंदीत एक्याऐंशी बाइट आहेत. बत्तीसचे दोन घास झाले की चौसष्ट संपले. सतरा उरले. ते घासात मावत नाहीत, म्हणून वेगळे बघावे लागतात. त्या उरलेल्या भागाला आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट बघणाऱ्या अकरा ओळी सिद्धेशने लिहिल्या होत्या. मंगळवारी कुणीतरी त्या काढल्या. नलिनीबाईंची नोंद एक्याऐंशी बाइटचीच होती. चिन्ह शेवटच्या बाइटवर. झडप तिथवर पोचलीच नाही.

"बदल तुझ्या नावाने झालाय," मी म्हणाले. "तुझ्या मशीनवरून. मंगळवार, दुपारी एक पस्तीस."

"माझ्या मशीनवर कोण बसत नाही, सांगा ना!"

हे मात्र खरं. ऑफिसात नवा प्रोसेसर त्या एकाच मशीनमध्ये. झडपेचा स्पीड मोजायचा तर सगळे तिथेच बसतात. लॉक नाही, पासवर्ड नाही. 'जरा सरक रे' म्हटलं की झालं. आणि तिथून कुणीही काहीही बदललं तरी नाव सिद्धेशचंच लागतं. ही आमची पद्धत. मशीनं मी सांभाळते, म्हणजे ही चूक माझीही. अहवालात तेही लिहायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

"मंगळवारी एक पस्तीसला तू कुठे होतास?"

"जिन्यात. बाबांशी फोनवर. फोन सव्वा वाजता आला, तो तपासा. पण जिन्यात होतो की मशीनसमोर, ते कोण सांगणार?"

"आणि बुधवारी तुला कळलं कसं नाही?"

"बुधवारी सकाळीच सरांनी मला दुसऱ्या कामाला लावलं. म्हणाले, झडपेला आता हात लावू नकोस, छान चाललीय."

त्याचा फोन वाजला. त्याने बघितला आणि माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच बोला. माझ्याने नाय होत."

पलीकडे त्याचे वडील, चंद्रप्रकाश तवडे. "बाय, माझ्या झिलान कायतरी केल्यान काय? कालपासून जेवूक नाय तो."

"नाही हो काका, काही केलं नाही त्याने."

बोलून गेले. पुरावा एक नव्हता. घड्याळात अकरा वीस.

३

एक प्रश्न मला टोचत होता. शेपूट काढलं, ठीक. पण मग चाचणी पास कशी झाली? प्रत्येक बदलानंतर सिद्धेशची चाचणी चालते. एका फाइलमध्ये खोट्या पेशंटच्या नोंदी आहेत. झडप ती अख्खी फाइल एका दमात चाळते आणि किती उद्गारचिन्हं सापडली ते सांगते. एक जरी कमी पडलं तर दिवा लाल. फाइलचं शेवटचं चिन्ह अगदी शेवटच्या बाइटवर आहे, मुद्दाम. मंगळवारी दिवा हिरवा होता.

श्रुतिका लाडला विचारलं. चोवीस वर्षांची, चार महिन्यांपूर्वी लागलेली. नवी आवृत्ती ग्राहकांना पाठवायचं काम तिचं.

"ताई, मी गुरुवारी बघितलं, दिवा हिरवा होता, म्हणून सोडली," ती रडकुंडीला आली होती. "लाल असता तर मी सोडली असती का? आई शप्पथ नाही!"

"आणि मंगळवारी लाल आला असता तर काय केलं असतंस?"

"सिद्धेशला हाक मारली असती. मला ते बत्तीस-फित्तीस अजून कळत नाही ओ."

ओजस पटवर्धन काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसला होता. मोठ्या कॉलेजची पदवी, त्याहून मोठी जीभ.

"मंगळवारी दुपारी मी कॉलवर होतो. पण कॅमेरा बंद होता, म्हणजे साक्षीदार नाही. घ्या लिहून," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? एक ना एक दिवस हे होणारच होतं. तो फाइलच्या डोक्यावर श्री लिहितो! कोडिंग आहे की सत्यनारायण? वर्षभर सांगतोय, उडव ते."

"तू उडवलंस का?"

"त्याच्या फाइलला मी हात लावत नाही. लावला असता तर पहिला तोच उडवला असता."

हसत होता. मला मात्र हसू येईना. सिद्धेशच्या नव्या फाइलची पहिली ओळ नेहमी 'श्री' असते, आईची सवय. मी माझ्या खुर्चीत येऊन ती चाचणीची फाइल उघडली. श्री जागेवर होता.

पण फाइल लहान झाली होती.

४

मशीनं सांभाळणारीला कुणी माणसात धरत नाही. एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती. मार्चमध्ये एकदा डिस्क गेली. तेव्हापासून ऑफिसातल्या प्रत्येक मशीनची कॉपी रोज रात्री नाही, दर पाच मिनिटांनी होते.

मंगळवार दुपारच्या कॉप्या एकापाठोपाठ एक उघडल्या.

एक वीस. चाचणीची फाइल चार हजार एकशे नऊ बाइट.

एक पंचवीस. चार हजार एकशे सात. दोन गेले.

एक तीस. चार हजार शहाण्णव. आणखी अकरा गेले.

एक पस्तीसला बदल नोंदला गेला, दिवा हिरवा.

चार हजार शहाण्णवला बत्तीसने भागलं की बाकी शून्य. म्हणजे शेपूटच उरत नाही. घास बरोबर शेवटच्या बाइटला संपतो आणि शेपूट न बघणारी झडपही पास होते. ही चूक नव्हती. कुणीतरी शेपूट काढलं, दिवा लाल झाला, आणि दिवा हिरवा व्हावा म्हणून त्या माणसाने फाइल कापली. धोका कळून कापली.

कापलं कुठून? शेवटच्या नोंदीतून. ती नोंद इंग्रजी अक्षरांत होती. आधी पहिलं नाव, मग तवडे, मग गाव, मग उद्गारचिन्ह. पहिलं नाव चंद्रप्रकाश, इंग्रजीत चौदा अक्षरं, म्हणजे चौदा बाइट. पहिल्या खेपेला त्यातली शेवटची दोन गेली, दुसऱ्या खेपेला अकरा. उरला नुसता 'सी'.

सिद्धेशला बोलावून दाखवलं. त्याने पडद्यावरच्या 'सी'वर बोट ठेवलं.

"बाबांना आठ वर्षांपूर्वी असंच इंजेक्शन दिलेलं, ताई. वाचले कसेबसे. म्हणून त्यांना मी शेवटच्या जागेवर ठेवलं. शेवटचा माणूस सापडला तरच चाचणी पास. आणि कुणीतरी तेच नाव कापलं."

"एक सांग. डेटा किती बाइटचा भरायचा, असा काही नियम आहे का?"

"सरांचा आहे ना. चाचणीचा डेटा नेहमी चार हजार शहाण्णव, राउंड. मी तेवढाच भरला. वर श्रीची ओळ टाकली, त्याचे जास्तीचे."

म्हणजे ज्याने कापलं, त्याला ठाऊक होतं की जास्तीचे बाइट श्रीच्या ओळीचे आहेत. मग श्रीच का नाही उडवला? एक ओळ पुसायची, काम खलास. त्याऐवजी तो खाली जाऊन माणसाचं नाव कापत बसला. देवाचं नाव पुसायला त्याचा हात धजला नाही. माणसाचं पुसायला धजला.

ओजस सुटला. तो असता तर श्री पहिल्या झटक्यात गेला असता. श्रुतिका सुटली. तिला बत्तीसचा हिशेबच कळत नाही. उरले दोघे, दोघेही श्री लिहिणारे, एक फाइलच्या वर, एक अहवालाच्या वर. त्यातला एक माझ्यासमोर डोळे पुसत होता.

पण डोळे पुसणं हा पुरावा नाही. चार वाजता हॉस्पिटल मला हेच म्हणालं असतं. आणि आधी दोन बाइट, मग अकरा, हे असं दोनदा का? ज्याला माहीत आहे तो एकदम तेरा कापेल.

फोन वाजला. हॉस्पिटल. मी उचलला नाही. भीती वाटली म्हणून नाही उचलला, खोटं कशाला सांगू.

५

दोन वाजता मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत फिरले. वेड्यासारखा.

"ओजस, श्रीची ओळ किती बाइटची?"

"बारा. एन्टर धरून तेरा." मान वर न करता.

"श्रुतिका?"

"थांबा हं, मोजून सांगते." तिने टाइप केलं, मशीनला विचारलं. "तेरा दाखवतंय. एवढे कसे ओ? छोटासा तर आहे."

"सिद्धेश?"

"तेरा. श, पाय मोडायची खूण, र, वेलांटी. आताच्या फॉन्टात प्रत्येकी तीन, आणि एन्टरचा एक. का?"

मी स्वतःलाही विचारलं. आणि गंमत म्हणजे, मनात पहिल्यांदा आलं ते उत्तर तेरा नव्हतं.

तेवीस वर्षांपूर्वी मी घाटकोपर स्टेशनजवळ एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करायचे. प्रत्येक पत्रिकेच्या वर श्री. आमच्या जुन्या फॉन्टात श्री ही अख्खी एक कळ होती. एक कळ, एक बाइट. आणि एन्टर एक. बोटांना तेच पाठ. त्या दुकानाचे मालक म्हणजे नंदकिशोर रेगे.

मी उठले. चूक ठरले तर माझी नोकरी गेली. आणि चूक नाही ठरले तरी गेलीच.

६

"झाला का अहवाल?" सर म्हणाले. तीन वाजून दहा मिनिटं. केबिनमध्ये उदबत्तीचा वास, भिंतीवर दत्ताचा फोटो.

"एक अडलंय, सर. श्रीची ओळ लिहिली तर किती बाइट वाढतात?"

"दोन," ते सहज म्हणाले. "श्रीचा एक, एन्टरचा एक. का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. हुशार माणूस आहे. काय बोललो ते त्यांना माझ्याआधी कळलं.

"तेरा, नंदूभाऊ," मी म्हणाले. सर म्हणायची इच्छाच गेली होती. "तुम्ही दोन कापले, दिवा लालच राहिला. मग फाइलचा आकार बघितला, अकरा अजून जास्त दिसले, तेही कापले. आज या ऑफिसात श्रीला एक बाइट समजणारी दोनच माणसं आहेत. मी मंगळवारी एक ते दोन खाली बॅगवाल्यांचा प्रिंटर दुरुस्त करत होते. दहा जणांनी बघितलंय."

"माणिक, बस जरा."

"नाही बसत."

"बुधवारी डेमो होता. समोरच्यांना स्पीड हवा होता. नोंदी छोट्या, सगळा वेळ शेपटातच जातो. ते काढलं की चाळीस टक्के फास्ट! एका दिवसापुरतं काढलं गं. डेमो झाला की परत टाकणार होतो. विसरलो. मग श्रुतिकाने गुरुवारी..."

"विसरलात? आणि सिद्धेशला झडपेवरून हलवायचं बरं लक्षात राहिलं."

त्यांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं.

"आणि काल? काल तर सगळं आठवलं असेल ना? मग अहवालात त्याचं नाव कसं आलं?"

"त्याचं वय आहे. तो उभा राहील परत. मी पडलो तर ऑफिस पडेल. तुझीही नोकरी त्यातच आहे. लोकांची पोटं आहेत माणिक, समजून घे."

"त्या बाईलाही पोट आहे. घशात नळी घातलीय आत्ता."

टेबलावरचा फोन वाजला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. चौथ्या घंटीला मी उचलला आणि स्पीकर लावला.

"नलिनी सामंत शुद्धीवर आल्यात," तोच थंड आवाज. "नळी काढली. डॉक्टरांनी नाव विचारलं, तर नवऱ्याच्या नावासकट पूर्ण सांगितलं. पण अहवाल चारला हवाच."

नंदूभाऊंनी डोळे मिटले. सुटलो, असं त्यांना वाटलं असावं. "वाचली," ते पुटपुटले. "मग आता सिद्धेशचंही विशेष काही होणार नाही. साधी ताकीद. ते नाव राहू दे ना."

तिथे माझं डोकं फिरलं.

"बाई वाचली ती तिच्या नशिबाने. तुमच्यामुळे नाही. त्या पोराने लिहिलं ते बरोबर होतं. तुम्ही त्याच्या बापाचं नाव खोडलंत, आणि आता त्याचं स्वतःचंही खोडायला निघालात. मी पाच-पाच मिनिटांच्या कॉप्या जोडून अहवाल लिहिलाय. लॉक नसलेल्या मशीनची माझी चूकही आत आहे. तुमची सही घ्यायला आले होते. नाही दिलीत तर सहीची जागा रिकामी ठेवून पाठवेन. कोण नाही म्हणालं, ते त्यांना कळेल."

बाहेर बॅगवाल्यांची शिलाई मशीनं घरघरत होती. मग त्यांनी पेन उचललं. सही केली आणि पेन तसंच उघडं टाकून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

तीन पन्नासला अहवाल गेला. त्याआधी एक जोडपत्र राहिलं होतं, न कापलेल्या फाइलवर चाचणी काय सांगते त्याचं, ते मी सिद्धेशच्या मशीनवर बसून केलं. तो शेजारी उभा. ओजसही काचेच्या खोलीतून बाहेर आला होता, पहिल्यांदाच हेडफोन काढून.

मंगळवारची शेपूट काढलेली झडप मी तशीच ठेवली. फक्त फाइल उघडली. वर श्री होता, त्याला हात लावला नाही. खाली शेवटच्या नोंदीत गेले. 'सी'च्या पुढे एकेक अक्षर टाइप करत गेले, तेरा अक्षरं, चंद्रप्रकाश पुरा होईपर्यंत.

चाचणी चालवली.

लाल.

"हेच मंगळवारी दिसायला हवं होतं," सिद्धेश म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला, जिन्याकडे गेला, आणि मला ऐकू आलं, "बाबा, जेवतंय मी आता. तुमी जेवलात?"